काखेतला कळसा

जुनी बास्केटबॉलची रिंग फळ्याला बोल्टांनी घट्ट आवळलेली असे. कडे ४५ सेंटिमीटर व्यासाचे, फळ्यापासून १५ सेंटिमीटर पुढे. म्हणजे कड्याची पुढची कड बोल्टांपासून जवळजवळ दोन फुटांवर येते. त्या कडेला ७० किलोचा खेळाडू लटकला आणि वरच्या-खालच्या बोल्टांत १० सेंटिमीटरचे अंतर धरले, तर वरच्या बोल्टांवर ४०० किलोंहून जास्त ओढ येते. हा झाला नुसता लटकलेला भार. उडी मारून झटक्यासकट लटकला तर काय होते, हे ज्याने कधी पहारीने दगड उचकटला आहे त्याला सांगायला नको. आमच्या शाळेच्या मैदानावरची रिंग कायम पुढे मान टाकून असायची, ती यामुळेच. दरवर्षी वेल्डिंगवाला येई, टाके मारून जाई आणि दिवाळीच्या सुटीनंतर रिंग पुन्हा वाकलेली दिसे.

अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांत फळा काचेचा. तिथे प्रकरण वाकण्यावर थांबत नसे. १३ नोव्हेंबर १९७९ रोजी कॅन्सस सिटीमध्ये फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सच्या डॅरिल डॉकिन्सने चेंडू रिंगमध्ये दणकावला आणि अख्खा फळा चुरा होऊन खाली आला. तीनच आठवड्यांनी, फिलाडेल्फियाच्या घरच्या मैदानावर, त्याने दुसरा फळा फोडला. पहिल्या घटनेची गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. मला तिच्यातली तारीख महत्त्वाची वाटते. कारण त्या रात्री काच फुटली, तेव्हा ती फुटू नये याचा उपाय लिहिलेला अर्ज अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात तीन वर्षांपासून होता.

अर्ज करणारा आर्थर एह्राट. इलिनॉय राज्यातला, धान्याच्या कोठारावर काम करणारा माणूस. बास्केटबॉलचा खेळाडू नव्हे, इंजिनिअरही नव्हे. त्याचा भाचा महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक होता. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळात १९६७ पासून डंकवर, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी होती, ती १९७६ मध्ये उठली. पोरे रिंगला लटकणार, रिंगा आणि काचा मोडणार, हे प्रशिक्षकांना दिसत होते. भाच्याने अडचण मामाच्या कानावर घातली. मामाने जॉन डिअर कंपनीच्या कल्टिव्हेटरची स्प्रिंग घेतली आणि रिंगच्या मागे बसवून पाहिली. रिंग आता फळ्याला जखडलेली राहिली नाही. कड्यावर साधारण १२५ पौंडांचा, म्हणजे ५७ किलोंच्या आसपासचा जोर आला की ती खाली झुकायची आणि हात सुटला की झटक्यात जागेवर यायची. १९७६ मध्ये अर्ज केला. दोनदा फेटाळला गेला. दाद मागत, खेटे घालत सहा वर्षे गेली. २८ डिसेंबर १९८२ रोजी पेटंट हाती पडले. तोवर एनबीए या व्यावसायिक लीगने झुकणाऱ्या रिंगा लावायला सुरुवातही केली होती.

ती स्प्रिंग आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवी नाही. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा नऊ फणांचा कल्टिव्हेटर, ज्याला कितीतरी गावांत अजून मोगडाच म्हणतात, तो मुरमाड रानात चालताना पाहावा. प्रत्येक फण वर एका खिळीवर फिरता ठेवलेला असतो आणि मनगटाएवढ्या जाडीच्या स्प्रिंगांनी पुढे ओढून धरलेला असतो. जमिनीत दगड लागला की फण मागे सरतो, दगडावरून निघतो आणि खाडकन पुन्हा आपल्या जागी येतो. स्प्रिंग नसलेल्या अवजारात याच ठिकाणी फण वाकतो किंवा बोल्ट तुटतो, आणि भर पेरणीच्या घाईत माणूस तालुक्याच्या गावाला पळतो. दगडापुढे क्षणभर मान तुकवायची आणि पुन्हा ताठ व्हायचे, एवढीच या स्प्रिंगची करामत. लाखो शेतकऱ्यांनी ती रोज पाहिली. हजारो व्यायामशाळांनी मोडक्या रिंगा बदलल्या. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहणारा एक निघाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

आता पेटंटच्या कायद्याचा प्रश्न इथेच उभा राहतो. गोष्ट नवी असणे एवढे पुरत नाही. ती गोष्ट त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी लागते. अमेरिकेने १९५२ च्या कायद्यात ही अट कलमाने घातली. आणि तिचा अर्थ लावणारा मूळ निकाल आहे १९६६ चा, ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर. होय, तोच जॉन डिअर. वादाचा विषयसुद्धा नांगराचा दांडा चौकटीला पकडून ठेवणारा क्लॅम्प, दगडाळ जमिनीत धक्का सोसता यावा म्हणून बनवलेला. पेटंटधारक ग्रॅहमच्या आधीच्याच एका रचनेत दांडा बिजागराच्या पट्टीच्या वर होता. नव्या पेटंटात तो पट्टीच्या खाली घेतला. त्यामुळे दांड्याला लवायला जास्त लांबी मिळते, असे त्याचे म्हणणे. एका अपील न्यायालयाने पेटंट उचलून धरले होते, दुसऱ्याने मोडीत काढले. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याची बाजू घेतली. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी घालून दिलेली रीत आजही चालते: आधी काय माहीत होते ते पाहा, नव्या वस्तूत फरक किती ते पाहा, त्या कसबातल्या सामान्य जाणकाराची पातळी ठरवा आणि मग उत्तर द्या. शिवाय ही गरज किती वर्षे पुरी होत नव्हती, इतरांनी हात टेकले होते का, बाजाराने वस्तू उचलली का, याकडेही लक्ष द्या.

ग्रॅहमचा निकाल मला पटतो. अवजार तेच, काम तेच, माणूसही त्याच धंद्यातला. पट्टीवरचा दांडा खाली घेणे हे कारखान्यातल्या कोणाही चांगल्या फिटरने केले असते. अशा प्रत्येक बदलावर वीस-वीस वर्षांचा मक्ता मिळू लागला तर फिटरने हातात पाना धरायचा की नाही, हा प्रश्न येईल. पण हीच कसोटी एह्राटच्या रिंगेला लावली की उत्तर बदलते. दोन्ही ठिकाणी स्प्रिंग आहे, दोन्ही ठिकाणी मोडू नये म्हणून लवणे आहे. तरीही बदलते. ते का, हे सांगण्यासाठीच हे लिहितो आहे, कारण ‘सहज सुचण्यासारखे’ या दोन शब्दांवर कितीतरी साध्या माणसांची कामे मातीत जातात.

शेतातली स्प्रिंग खेळाच्या मैदानावर आली, एवढ्यावरून ती शोध ठरत नाही. याचे उत्तम उदाहरण आयकॉन हेल्थ अँड फिटनेस या ट्रेडमिल बनवणाऱ्या कंपनीचे. तिचे पेटंट घडी होणाऱ्या ट्रेडमिलवर होते: पळायचा पट्टा वर उचलून उभा करायचा आणि तो पडू नये म्हणून गॅस स्प्रिंगचा आधार द्यायचा. पेटंट कार्यालयाने फेरतपासणीत दोन कागद समोर ठेवले. एक, घडीच्या ट्रेडमिलची आधीची जाहिरात. दोन, भिंतीतल्या कपाटात उभ्या मिटणाऱ्या पलंगाचे जुने पेटंट, ज्यात गॅस स्प्रिंग होती. कंपनी म्हणाली, पलंगवाल्याचा आमच्या धंद्याशी संबंध काय? अपील न्यायालयाने २००७ च्या ऑगस्टमध्ये उत्तर दिले: जड वस्तू उभी मिटवायची आणि मिटलेली स्थिर ठेवायची, ही अडचण काही ट्रेडमिलची खास नाही, ती सोडवू पाहणारा माणूस बिजागरे, कड्या, वजने, पलंग, जिथे जिथे ही अडचण आली तिथे तिथे बघेलच. पेटंट गेले. त्याच वर्षी, ३० एप्रिलला, केएसआर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या पेडलच्या खिळीपाशी सेन्सर बसवण्याचा दावा एकमताने फेटाळला होता. जाणकार माणसालाही थोडी कल्पकता असते, तो यंत्रासारखा पुस्तकातले तेवढेच करत नाही, असा त्या निकालाचा रोख. आयकॉनचा निकाल त्याच वाऱ्यातला.

मग एह्राटची स्प्रिंग कुठे वेगळी? वेगळेपण १२५ पौंडांच्या आकड्यात आहे. कल्टिव्हेटरचा फण दगड लागला की लवला, काम झाले. थोड्या कमी जोराने लवला काय, थोड्या जास्त जोराने लवला काय, ढेकूळ फुटल्याशी मतलब. रिंगेला मात्र एकाच वेळी दोन उलट कामे करायची आहेत. चेंडू आदळला तर रिंग हलता कामा नये, नाहीतर चेंडूची उसळी बदलते आणि खेळच बदलतो. माणूस लटकला तर मात्र ती हललीच पाहिजे. चेंडूसाठी भिंत आणि माणसासाठी बिजागर. ही दोन कामे एकाच बोल्ट-स्प्रिंगकडून करून घ्यायची तर कुठपर्यंत ताठ राहायचे आणि कुठून झुकायचे, तो उंबरठा ठरवावा लागतो. ट्रेडमिलवाल्याने अडचण जशीच्या तशी उचलली होती आणि तिच्याबरोबर उत्तरही. इथे आधी अडचण नव्या रीतीने मांडावी लागली. बहुतेक जण मजबूत रिंग, जाड काच, पक्के बोल्ट यांच्या मागे होते. ‘रिंग पक्की का असावी?’ हा उलटा प्रश्न ज्याने विचारला, त्याच्या हातात आधीपासून कल्टिव्हेटरची स्प्रिंग होती. प्रश्न विचारून झाल्यावर स्प्रिंग सुचणे सोपे. तो प्रश्न सहज कोणाला सुचत नव्हता, हे मोडक्या रिंगांच्या ढिगांनीच सांगितले आहे.

पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्याची अडचण मी समजू शकतो. त्याच्या टेबलावर उत्तर आधीच पडलेले असते. अर्जदाराने चित्रासकट, भाग क्रमांकासकट सगळे समजावून लिहिलेले असते. ते वाचून झाल्यावर जुन्या पेटंटांत शोधायचे: बिजागर या कागदात सापडते, स्प्रिंग त्या कागदात, फळा तिसऱ्यात. तीन कागद टाचले की अर्जदाराची वस्तू तयार. कोडे सुटल्यानंतर ते सोपे वाटते, आणि कोडे सोडवणाऱ्यालाच ते सगळ्यांत सोपे वाटते; म्हणून अर्जदारही कधी कधी खचतो, त्याला वाटते खरेच यात काय मोठे होते. घरोघरीचा अनुभव आहे. हरवलेली किल्ली सापडली की सगळे म्हणतात, तिथेच तर होती.

या घसरणीला अटकाव करणारा एक निकाल व्यायामाच्या यंत्रावरचाच आहे आणि तो आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. २०१४ चे जियानेली प्रकरण. अर्ज होता नाव वल्हवण्यासारखा व्यायाम देणाऱ्या यंत्राचा: माणूस बसून मुठी आपल्याकडे ओढतो. कार्यालयाने समोर ठेवले छातीच्या व्यायामाचे जुने यंत्र, ज्यात माणूस पाठ टेकून मुठी पुढे ढकलतो. म्हणणे असे, की त्या जुन्या यंत्रावर कोणी उलटे तोंड करून बसला आणि मुठी ओढल्या, तर वल्हवणे झालेच की. कार्यालयाच्या अपील मंडळानेही ते मान्य केले. पुढच्या अपील न्यायालयाने मात्र निकाल उलटवला. करता येईल, हे खरे. पण कोणी जाणकार तसे का करील? ढकलायला बनवलेल्या यंत्रात उलटे बसून ओढायचे कारण काय? कारण दाखवल्याशिवाय ‘सहज सुचण्यासारखे’ म्हणता येत नाही.

करता येईल आणि केले गेले असते, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणत्याही लोहाराच्या भात्यापाशी उभे राहून पाहा. भंगारात पडलेल्या लोखंडातून काय काय करता येईल याला अंत नाही. उद्या सकाळी तो त्यातून काय करील, हे मात्र त्याच्याकडे आलेल्या गिऱ्हाइकावर, त्याच्या सवयीवर, त्याने आजवर पाहिलेल्या वस्तूंवर ठरते. जाणकाराला काय सुचेल हे ठरवताना त्याला त्याच्या भात्यापाशी बसवूनच ठरवले पाहिजे.

आपल्या देशातही या कसोटीचा पाया अशाच पकडून ठेवण्याच्या वस्तूवर घातला गेला आहे. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या एका फर्मचे १९५१ चे पेटंट होते. लेथवर थाळ्या-ताटे खरवडून, घासून चकाकवायची. पूर्वी ती लेथच्या एका डोक्याला लाखेसारख्या गरम होऊन चिकटणाऱ्या मसाल्याने किंवा जबड्यात पकडून बसवत. फिरता फिरता भांडे सुटून उडे आणि कामगाराला लागे. या फर्मने दुसऱ्या बाजूने टोकदार दांड्याचा दाब देऊन ते पकडले. अलाहाबाद उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते परत दिले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात ते कायमचे रद्द केले. लेथला दुसऱ्या बाजूचा आधार असतोच, तो जुनाच आहे. ही कारखान्यातली साधी सुधारणा झाली, शोध नव्हे. न्यायालयाने कसोटीही सांगितली: त्या कामातल्या कसबी माणसापुढे ही अडचण ठेवली असती, तर आधीच्या माहितीवरून तो या उत्तरापर्यंत आला असता का? कामगाराचे हात वाचवणाऱ्या त्या युक्तीचे पेटंट गेले याचे वाईट वाटते. निकाल चुकीचा म्हणवत नाही.

आज आपल्या १९७० च्या कायद्यात ‘इन्व्हेन्टिव्ह स्टेप’ची व्याख्या आहे: ज्ञात गोष्टींच्या पुढे तांत्रिक पाऊल हवे किंवा आर्थिक महत्त्व हवे, किंवा दोन्ही, आणि त्यामुळे वस्तू जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी. व्याख्या चांगली आहे. दुखणे आदेशांत आहे. अर्जदार वर्षानुवर्षे वाट पाहतो आणि हाती येतात चार ओळी: जुना दस्तऐवज एक, जुना दस्तऐवज दोन, दोन्ही एकत्र केल्यास अर्जातली वस्तू मिळते, म्हणून नामंजूर. एकत्र का करावेत, कोणी करावेत, कशासाठी, याचा पत्ता नाही. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अ‍ॅग्रिबोर्ड प्रकरणात हे थांबवायचा प्रयत्न केला. आधी काय माहीत होते, अर्जात काय आहे आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणकार माणूस कसा पोहोचला असता, या तिन्ही गोष्टींचा विचार आदेशात दिसला पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत कष्टाची आणि नेमकी तीच गाळली जाते.

२०२१ मध्ये बौद्धिक संपदेचे अपील मंडळ बंद झाले आणि अपिले थेट उच्च न्यायालयांत जाऊ लागली. मोठ्या कंपनीला त्याने फार फरक पडत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथ आणि एक वेल्डिंग मशीन घेऊन बसलेल्या माणसाला पडतो. त्याचा अर्ज मुंबईत, अँटॉप हिलच्या कार्यालयात नामंजूर झाला, तर पुढची पायरी उच्च न्यायालयाची. वकिलाची फी, मुंबईच्या खेपा, कारखाना बंद ठेवलेले दिवस. आदेशात कारण लिहिलेले असेल तर निदान त्याला कळते की आपण हरलो ते बरोबर हरलो की लढायला जागा आहे. कारणच नसेल तर तो फाइल कपाटाच्या वर टाकतो आणि पुन्हा कधी अर्ज करत नाही. एह्राटने दोन नकारांनंतरही सहा वर्षे चिकाटी धरली. प्रत्येकाला ती परवडत नाही आणि ती परवडणे ही शोध मान्य होण्याची अट असू नये.

म्हणून मागणी एवढीच. नामंजुरीच्या प्रत्येक आदेशात एक परिच्छेद सक्तीचा असावा: जाणकार कोण, त्याच्यापुढे अर्जाच्या तारखेला अडचण कोणत्या रूपात होती, आणि दोन जुन्या कागदांकडे एकदम वळायचे त्याला काय कारण होते. अधिकारी हे लिहू शकला नाही, तर त्याला स्वतःलाच कळेल की नकाराला आधार नाही. आणि लिहू शकला, तर अर्जदारही निकाल मान्य करील.

एह्राटला मिळालेला हक्क त्या काळच्या नियमाप्रमाणे मंजुरीपासून १७ वर्षांचा होता. २८ डिसेंबर १९९९ ला तो संपला. आता जालंधर-मेरठचा कोणीही कारखानदार त्याचे पेटंट उघडून, चित्रे समोर ठेवून, एक पैसाही न देता तशी झुकणारी रिंग बनवू शकतो. आमच्या शाळेच्या मैदानावर यंदा तशी एक लागली आहे. सातवीतली पोरे एकमेकांच्या खांद्यावर चढून तिला लटकतात, रिंग खाली येते, पोरे हात सोडतात, आणि रिंग खट्‌कन वर जाते.